उभ्या डोलकाठीची वाट: डच किनारा आणि कालवे, तीन आठवड्यांच्या सफरीच्या प्रकल्प नोंदी

१९ जानेवारी २०२५, रविवार

तारखा ठरल्या: शनिवार १४ जून ते शनिवार ५ जुलै. चार माणसं, १० मीटर लांबीची बुडाखाली पात्यासारखा खोल कणा (फिन कील) असलेली शिडाची बोट, २० अश्वशक्तीचं डिझेल इंजिन. सुरुवात आणि शेवट झेलांडमधल्या कोलाइन्सप्लाट बंदरात.

जूनच का, तर डच शाळांच्या सुट्ट्या यंदा दक्षिण विभागात ५ जुलैला, उत्तरेत १२ ला आणि मध्य विभागात १९ ला सुरू होतात. त्यानंतर वाड समुद्रातल्या बेटांवर दुपारी दोन वाजता पोचणाऱ्याला चौथ्या-पाचव्या रांगेत दुसऱ्याच्या बोटीला बोट बांधावी लागते, किंवा 'जागा नाही' ऐकून परत फिरावं लागतं. ऑगस्टचा विचार झाला होता, पण २० ते २४ ऑगस्टला ॲमस्टरडॅममध्ये 'सेल' हा पाच वर्षांनी भरणारा जहाजांचा मेळा आहे आणि त्या आठवड्यात आय या शहरालगतच्या जलमार्गात शिरणं म्हणजे गणपती विसर्जनाच्या दिवशी गिरगावात गाडी घालणं. जूनची खोट एकच: समुद्राचं पाणी १५ अंशांच्या आसपास, म्हणजे पाण्यात पडलेल्या माणसाकडे फार वेळ नसतो. उजेड मात्र रात्री दहापर्यंत.

मूळ आराखडा असा होता की आधी कालव्यांनी उत्तरेला जायचं आणि किनाऱ्याने दक्षिणेला परतायचं. तो आज उलटा केला. या किनाऱ्यावर उन्हाळ्यात सर्वाधिक दिवस वारा नैर्ऋत्येकडून असतो. परतीच्या वाटेवर, सुट्टी संपत आलेली असताना, आयमाउडनपासून झेलांडपर्यंत नाकावर वारा घेत, टॅक मारत (नागमोडी वळणं घेत) यायचं, हे वेळापत्रक पहिल्या वादळी दिवशीच मोडतं. म्हणून किनारा जाताना, पाठीवर वारा घेऊन, कालवे येताना. कालव्यात वारा समोरून आला तरी इंजिनाला फारसा फरक पडत नाही.

मार्ग: ओस्टरस्खेल्डे, रोम्पोट लॉक (लॉक म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोट पलीकडे नेणारी दारांची खोली), स्खेव्हनिंगन, आयमाउडन, डेन हेल्डर, टेसेल, हार्लिंगन, जमल्यास फ्लीलांट, मग कॉर्नवेर्डरझांडहून आयसलमेर तळ्यात, एन्कहाउझन, ॲमस्टरडॅम, हार्लेम, गौडा, डॉर्ड्रेख्ट, फोल्केराक आणि पुन्हा ओस्टरस्खेल्डे.

तिघे नेदरलँड्समध्येच राहणारे, चौथा पुण्याहून येणार. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो, म्हणजे खिडकी उघडली आहे. फेब्रुवारीतच करावा. उन्हाळ्यातल्या भेटीच्या वेळा एप्रिलमध्ये मिळत नाहीत.

९ फेब्रुवारी, रविवार

आज फक्त दोन आकडे काढले: पाण्यावर किती आणि पाण्याखाली किती. बाकी सगळी योजना यांच्यावर उभी आहे.

पाण्यावरची उंची कागदावरून घ्यायची नाही. मुख्य शिडाच्या दोरीला मोजपट्टी बांधून ती डोलकाठीच्या टोकापर्यंत चढवली, पट्टीचं शून्य टोक पाण्याला टेकवलं: १५.१० मीटर. त्यावर व्हीएचएफचा (बोटीवरच्या रेडिओचा) अँटेना ०.९० मीटर. एकूण १६.००. विक्रेत्याच्या कागदावर १४.८० लिहिलं आहे, कारण त्यात टोकावरचा दिवा, वारादर्शक आणि अँटेना कोणीच मोजलेले नसतात.

पाण्याखाली १.७२. या आकाराच्या बोटीचं पाण्यालगतचं क्षेत्रफळ साधारण १७ चौरस मीटर, म्हणजे माणसं, पाणी, डिझेल, सामान मिळून ६०० किलो चढले की बोट साडेतीन सेंटीमीटर बसते. खाऱ्या पाण्यातून गोड्यात आल्यावर आणखी बसते अशी भीती घालतात. पाच टनांच्या बोटीला हा फरक पाऊण सेंटीमीटर भरतो, विसरून जावा. योजनेसाठी १.८० धरायचे.

१६ मीटर डोलकाठी म्हणजे 'स्टांडे मास्टरूट', उभ्या डोलकाठीची वाट. फ्लिसिंगनपासून डेल्फझाइलपर्यंत, देशाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून ईशान्य कोपऱ्यापर्यंत, डोलकाठी न उतरवता जाता येतं, कारण या वाटेवरचे अडथळ्याचे पूल उघडतात. जे उघडत नाहीत ते पुरेसे उंच आहेत. यातला आपल्यासाठी जवळचा: रोम्पोट लॉकवरचा रस्ता, पक्का, सुमारे १८ मीटर. दोन मीटर मोकळे राहतात. खालून बघताना मात्र अँटेना घासणार असंच वाटतं, प्रत्येक वेळी.

१ मार्च, शनिवार

कागदपत्रं. बोट १५ मीटरपेक्षा लहान आणि ताशी २० किलोमीटरपेक्षा हळू, म्हणून डच कायद्याने चालकाला परवाना लागत नाही. परवाना लागत नाही म्हणून नियम लागत नाहीत असं नव्हे. अंतर्गत जलवाहतुकीची नियमावली, बीपीआर, बोटीवर असावी लागते. डिजिटल प्रत चालते. एएनडब्ल्यूबी या डच वाहनचालक-पर्यटक संघाचं जलपंचांग दोन भागांत येतं: पहिल्यात नियम, दुसऱ्यात पूल आणि लॉक यांच्या वेळा. दुसरा भाग यंदाचाच हवा. गेल्या वर्षीच्या पुस्तकातली रेल्वे पुलाची वेळ म्हणजे गेल्या वर्षीचं एसटीचं वेळापत्रक.

नियमावलीतले जे मुद्दे समुद्रावर शिकलेल्याला चकवतात ते चार्ट टेबलाच्या वर चिकटवले:

लहान बोट म्हणजे २० मीटरच्या आतली. ती मोठ्या जहाजाला वाट देते, शीड वर असो वा नसो. 'शिडाला इंजिनाने वाट द्यावी' हे लहान बोटींच्या आपसातलं.

समोरच्या मालवाहू जहाजाच्या उजव्या बाजूला निळा फलक आणि लुकलुकता पांढरा दिवा दिसला, तर ते उजव्याला उजवी बाजू ठेवून जाणार आहे. नदीच्या वळणावर प्रवाहाचा फायदा घेण्यासाठी ते असं करतात. आपण गोंधळून मध्ये थांबायचं नाही, कडेला सरकायचं.

पुलावर दोन लाल दिवे, एकावर एक: पूल बंद, चालवणारा नाही. एक लाल: थांबा. लाल आणि हिरवा एकत्र: उघडण्याची तयारी. फक्त हिरवा: जा. पुलाच्या कमानीवर एक पिवळा दिवा म्हणजे समोरून वाहतूक येऊ शकते, दोन पिवळे म्हणजे येणार नाही.

शीड वर असताना इंजिन चालू असेल तर पुढे काळा शंकू, टोक खाली. याचा दंड होतो.

रेडिओ: आतल्या पाण्यात व्हीएचएफला एटीआयएस लागतं, म्हणजे बोलणं संपलं की सेट आपोआप बोटीचा दहा आकडी क्रमांक पाठवतो, सुरुवात ९ ने. समुद्रावर ते बंद ठेवायचं. हातातल्या छोट्या सेटलाही हाच नियम, आणि तिथेच लोक चुकतात: भारतातून किंवा इंग्लंडमधून आणलेल्या हँडसेटमध्ये ही सोय बहुधा नसते. मार्गातले चॅनेल यादीत: रोम्पोट १८, मास नदीचं मुख ओलांडताना ३, स्खेव्हनिंगन २१, डेन हेल्डर ६२, कॉर्नवेर्डरझांड १८, झेलांड पूल १८. रेडिओ बसवला असेल तर त्या भागाचा ठरलेला चॅनेल ऐकणं सक्तीचं. 'आम्हाला डच येत नाही' हे कारण चालत नाही. बहुतेक ठिकाणी इंग्रजीत उत्तर मिळतं.

नकाशे: डच नौदलाच्या जलालेखन विभागाची १८०० मालिका. १८०१ किनारा, १८०५ ओस्टरस्खेल्डे, १८०७ फोल्केराक आणि हॉलंड्स डीप, १८१० आयसलमेर, १८११ पश्चिम वाड. टॅब्लेटवर सगळं आहे, तरी वाडचा कागद हवाच, आणि यंदाचा. तिथे वाळू सरकते, बोये (वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा) हलवले जातात.

२२ मार्च, शनिवार

किनाऱ्याच्या तीन टप्प्यांचं भरतीचं गणित. साधन एचपी ३३, म्हणजे भरतीच्या वेळा आणि प्रवाहांचं वार्षिक पुस्तक.

आधी चंद्र. पौर्णिमा ११ जून, अमावास्या २५ जून. उधाण इथे पौर्णिमा-अमावास्येनंतर सुमारे दोन दिवसांनी, म्हणजे १३ आणि २७ जूनला. भांग, म्हणजे सर्वात कमी चढउताराची भरती, २० जूनच्या आसपास, वद्य अष्टमीनंतर. ही ढोबळ आखणी भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरवरून होते. मिनिटं पुस्तकातून घ्यायची.

कोकणात वाढलेल्या डोक्याने इथे एक गोष्ट मुद्दाम विसरायची आहे. आपल्या खाडीत भरती पूर्ण भरली की पाणी थांबतं आणि मग फिरतं. डच किनाऱ्यावर भरतीची लाट दक्षिणेकडून उत्तरेला किनाऱ्याला समांतर सरकत जाते, त्यामुळे उत्तरेला जाणारा प्रवाह भरतीच्या माथ्याच्या आसपासच सर्वात जोरात असतो. ढोबळमानाने स्थानिक भरतीच्या आधी तीन तास ते नंतर तीन तास प्रवाह उत्तरेला, मग दक्षिणेला. 'भरती झाली, आता पाणी थांबेल, आत शिरू' असं म्हणून आयमाउडनच्या धक्क्यांमध्ये शिरलं की बोट बाजूला ओढली जाते.

पाण्याच्या चढउताराचा फरकही जागेनुसार बदलतो: फ्लिसिंगनला सरासरी पावणेचार मीटर, हुक व्हान हॉलंडला पावणेदोन, डेन हेल्डरला दीडच्या आत. डेन हेल्डरला चढउतार कमी म्हणून प्रवाह कमी, असा हिशेब मांडायचा नाही. डेन हेल्डर आणि टेसेल यांच्यामधली मार्सडीप ही वाड समुद्राची नळी आहे. उधाणाला तिथे तीन नॉट (ताशी सागरी मैल) आणि जास्तही मिळतात.

पहिला टप्पा, रोम्पोट ते स्खेव्हनिंगन, जवळपास ४० सागरी मैल. पाण्यातला वेग ५.२ नॉट, अनुकूल प्रवाह सरासरी १.२ धरला.

प्रवाह फिरतो त्या क्षणी निघालो तर: सहा तास × ६.४ = ३८.४ मैल. उरलेले १.६ मैल प्रतिकूल प्रवाहात ४ नॉटने, २४ मिनिटं. एकूण ६ तास २४ मिनिटं.

दोन तास उशिरा निघालो तर: चार तास × ६.४ = २५.६. उरलेले १४.४ मैल ४ नॉटने, ३ तास ३६ मिनिटं. एकूण ७ तास ३६ मिनिटं, शिवाय पोचायची वेळ सव्वातीन तासांनी पुढे.

प्रत्यक्षात थोडं बरं होतं, कारण आपण भरतीच्या लाटेबरोबरच उत्तरेला जात असतो आणि अनुकूल प्रवाह सहा तासांपेक्षा जास्त टिकतो. तो बोनस वेळापत्रकात मांडायचा नाही, खिशात ठेवायचा.

'निघण्याची वेळ' म्हणजे लॉकमधून बाहेर पडण्याची वेळ. रोम्पोटला रांग, आत जाणं, पातळी बदलणं, पूर्ण एक तास धरला. लॉकजवळच ओस्टरस्खेल्डेचा धरणबांध आहे: १९८६ चा, ६२ पोलादी दरवाजांचा. दरवाजे उघडे असताना त्यांतून पाणी घोंघावत जातं, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंचा निषिद्ध पट्टा बोयांनी आखलेला आहे. इंजिन बंद पडलं तर नांगर लगेच सुटला पाहिजे, म्हणून नांगर कप्प्यातून काढून नाळेवर बांधून ठेवायचा, पिन सैल. बाहेर पडल्यावर बान्यार्डच्या वाळूपट्ट्यांमधली वाट. वायव्येकडून लाटा असतील तर तिथे पाणी फुटतं, दिवसाउजेडीच जायचं.

मासचं मुख: रॉटरडॅमला जाणारी येणारी महाकाय जहाजं. ओलांडण्यापूर्वी चॅनेल ३ वर नाव, जागा, दिशा सांगायची. १८०१ वर छापलेल्या शिफारशीच्या रेषेने, काटकोनात, इंजिन लावून. शीड-धर्म इथे बाजूला.

स्खेव्हनिंगनचं तोंड वायव्येच्या सहा बोफोर्टच्या (बोफोर्ट ही वाऱ्याच्या जोराची श्रेणी) वर टाळायचं. लाट उथळात उभी राहते आणि आत वळायला जागा अरुंद. तसा अंदाज असेल तर निघायचंच नाही, कारण पुढे आयमाउडनपर्यंत २५ मैलांत आसऱ्याचं एकही बंदर नाही. २४-२५ जूनला हेगमध्ये नाटोची शिखर परिषद आहे; तोवर आपण स्खेव्हनिंगनपासून आठवडाभर पुढे असू.

१२ एप्रिल, शनिवार

वाड समुद्र. सगळ्यात जास्त वेळ यावर गेला, आणि निर्णय नकाराचा झाला.

बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी भरती शिरते आणि मध्ये कुठेतरी भेटते. जिथे भेटते तिथे प्रवाह मंद, गाळ साचतो, उंचवटा तयार होतो. त्याला वांटाय म्हणतात. ओहोटीला तो कोरडा, भरतीच्या माथ्यावर तासभर ओलांडता येतो. वाट झाडाच्या फांद्या रोवून दाखवलेली. सपाट बुडाच्या बोटींचं हे राज्य आहे.

उदाहरणाचं गणित. नकाशावर उंचवटा एलएटीच्या, म्हणजे सर्वात खालच्या खगोलीय ओहोटीच्या पातळीच्या, वर ०.६ मीटर सुकतो. भांगाच्या भरतीची उंची २.० मीटर, म्हणजे वर पाणी १.४. आपल्याला हवं १.८० अधिक ०.३० मोकळं, म्हणजे २.१०. उधाणाला २.४ आली तरी १.८ मीटर, कील थेट वाळूवर. आपण तिथे भांगाच्या आठवड्यात असणार. वांटाय वगळले. टेसेलहून हार्लिंगनला टेसेलस्ट्रोम आणि डोव्हे बाल्ख या खोल वाटांनीच.

फिन कील घेऊन ओहोटीत अडकलं तर बोट पन्नास अंशांत आडवी होते, आणि भरती परत येताना आधी वरून आत पाणी शिरण्याची भीती असते. म्हणून नियम: कडेच्या उथळ भागाजवळचं कुठलंही चालणं चढत्या पाण्यातच. उतरत्या पाण्यात कील टेकली तर हातात काही मिनिटं असतात, चढत्यात सगळी दुपार.

पातळ्यांचा एक गोंधळ इथे निस्तरला. नकाशा आणि एचपी ३३ एलएटीवर. रायक्सवाटरस्टाट या सरकारी जलमार्ग विभागाच्या संकेतस्थळावरची चालू पाणीपातळी मात्र एनएपीवर, म्हणजे देशाच्या जमिनीवरच्या मोजणीच्या शून्यावर. वाडवर दोन्हींत मीटरभर किंवा जास्त अंतर आहे. अंदाज २.१ आणि प्रत्यक्ष ०.७ बघून 'पाणी एवढं कमी कसं' म्हणून घाबरायचं कारण नाही. आधी आकडा कुठल्या शून्यावरचा आहे ते बघायचं. खरी घट वाऱ्याने येते: दोन दिवस पूर्वेचा जोराचा वारा राहिला की पाणी बाहेर ढकललं जातं, पुस्तकातल्या भरतीपेक्षा काही डेसिमीटर कमी मिळतात. वायव्येच्या वाऱ्यात उलट.

टेरस्खेलिंग मार्गातून काढलं. जूनच्या मध्यावर तिथे दहा दिवस ऊरोल नावाचा नाट्यमहोत्सव असतो, बंदरात माशी शिरायला जागा नसते. फ्लीलांट ऐच्छिक, २४ तारखेला मंगळवारी. शुक्रवार-शनिवारी फ्लीलांटला जायचंच नाही.

२६ एप्रिल, शनिवार

राजाचा दिवस, दुकानं बंद, म्हणून इंजिन.

परतीचा टप्पा, ॲमस्टरडॅमपासून ओस्टरस्खेल्डेपर्यंत, बहुतेक इंजिनावर. ३५ तास × ताशी २ लिटर = ७० लिटर. टाकी ८० लिटरची. तळाचे १० लिटर वापरात धरायचे नाहीत, कारण लाटेत हवा शोषली जाते आणि तळातला गाळ फिल्टरमध्ये येतो. म्हणजे हार्लेमला भरायचं, गौडाला पुन्हा बघायचं.

सुटे भाग: इंपेलर (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातलं पात्यांचं रबरी चाक) २, गास्केटसह, डिझेल फिल्टर प्राथमिक २ आणि बारीक १, अल्टरनेटरचा पट्टा १, तेल ४ लिटर, गिअरबॉक्सचं तेल १ लिटर, सागरी पाण्याच्या गाळणीचं रबर कडं १.

कालव्यांत इंजिन तापण्याचं पहिलं कारण पाणवनस्पती. क्रम असा: धुराड्यातून पाणी येतंय का बघा, येत नसेल तर लगेच इंजिन बंद, नांगर किंवा काठ, पाणी आत घेणारी झडप बंद, गाळणी उघडून साफ, झडप उघडल्यावर पाणी जोरात वर येतंय का, येत असेल तर इंपेलर काढून पाती मोजा. एक पातं कमी असेल तर ते पुढे उष्णताविनिमयकाच्या नळीत अडकलेलं आहे, ते शोधल्याशिवाय नवा इंपेलर घालण्यात अर्थ नाही. झडपेतूनच पाणी येत नसेल तर बाहेरच्या तोंडावर पान किंवा पिशवी बसली आहे. नळी काढून हवेच्या पंपाने बाहेर फुंकायचं.

१० मे, शनिवार

परतीची वाट, पूल पूल करत.

ॲमस्टरडॅम की हार्लेम? ॲमस्टरडॅमचे पूल उभ्या डोलकाठीच्या बोटींसाठी रात्रीच उघडतात. बोटी जमवून एक काफिला मध्यरात्रीनंतर शहरातून जातो. दृश्य सुंदर, पण दुसरा दिवस झोपेत जातो. हार्लेम दिवसा: नोर्डझे कालवा, स्पार्नडामचं लॉक, स्पार्न नदी, शहरातले पूल एकामागून एक. हार्लेम घेतलं. तिथला रेल्वे पूल गर्दीच्या वेळी उघडत नाही, म्हणून स्पार्नडाम सकाळी नऊला सोडायचं.

पुढे रिंगफार्ट, ब्रासेमरमेर, आल्फन, मग खाउव कालवा. बॉस्कोप आणि वाडिंक्सफेनचे लिफ्टचे पूल जुन्या मिलच्या मनोऱ्यांसारखे दुरून दिसतात. रस्ता सपाटच वर उचलला जातो. अडचण त्यांची नाही, गौडाच्या रेल्वे पुलाची आहे. रेल्वेचे पूल वेळापत्रकात पाच-दहा मिनिटांची फट असेल तेव्हाच उघडतात. फट चुकली की तास-दोन तास.

म्हणून दिवस मैलांत मोजायचा नाही. आधी त्या दिवसाचा सर्वात हट्टी पूल शोधायचा, त्याची वेळ लिहायची, आणि तिथून मागे मोजत निघण्याची वेळ काढायची. बाकीचे पूल ताशी ९ किलोमीटर धरून प्रत्येकी १५ मिनिटं. या पद्धतीने परतीचे हट्टी पूल चार निघाले: हार्लेम रेल्वे, गौडा रेल्वे, क्रिम्पनचा आल्खेरा पूल, डॉर्ड्रेख्टचा रेल्वे पूल. आल्खेरा पुलावरून सकाळ-संध्याकाळ मोटारींची रीघ, तेव्हा तो उघडत नाही. शेजारीच हॉलंड्स आयसलवरचा पूरदरवाजा, १९५८ चा, १९५३ च्या पुरानंतरच्या डेल्टा योजनेतलं पहिलं काम.

गौडाच्या खाली पुन्हा भरतीचं पाणी लागतं. नोर्ड नदी आणि डॉर्ट्स किलमध्ये प्रवाहाविरुद्ध ५ नॉटची बोट रडते, आणि डॉर्ड्रेख्टला मालवाहू जहाजांचा चौक आहे. आल्खेरा आणि डॉर्ड्रेख्ट एकाच दिवसात बसवायचा प्रयत्न केला. दोन पूल आणि एक ओहोटी तिन्ही जुळवायची म्हणजे कुठेतरी ताण. दोन दिवस केले.

उष्णतेचा दिवस निघाला तर आणखी एक गोष्ट: पोलादी पूल फुगतात आणि उघडल्यावर नीट बसत नाहीत. ॲमस्टरडॅममध्ये म्हणूनच उन्हाळ्यात पुलांवर कालव्याचं पाणी मारतात. तीस अंशांच्या वर तापमान असेल तर हट्टी पूल सकाळीच पार करायचे.

काही छोट्या पुलांवर अजूनही पुलाचा पैसा घेतात. कुठे कुठे पूलवाला गळाच्या काठीला लाकडी बूट बांधून तो बोटीपुढे धरतो. सुटी नाणी कॉकपिटच्या खिशात.

२४ मे, शनिवार

लॉकची तयारी. फेंडर (बोट भिंतीवर घासू नये म्हणून लटकवायच्या फुगीर उशा) ८, दोन्ही बाजूंना चार-चार, त्यांतले दोन पाण्याला टेकतील इतके खाली. दोर १२ मिलिमीटरचे: १२ मीटरचे चार, २० मीटरचे दोन. लॉकच्या भिंतीच्या खुंटाला दोर वेढून टोक हातात ठेवायचं, क्लीटला (बोटीवरच्या दोर बांधायच्या खुंटीला) गाठ मारायची नाही. पाणी उतरताना गाठ आवळते आणि बोट दोरावर लटकते. मग सुरीच लागते. सुरी मागच्या खांबाला बांधून ठेवली.

'स्पोर्ट' असं लिहिलेल्या धक्क्यावर थांबायचं. मालवाहू आधी, मग आपण. आत गेल्यावर मोठ्या जहाजाच्या थेट मागे बांधलं असेल तर ते निघताना त्याच्या पंख्याचा झोत येतो. ते दाराबाहेर जाईपर्यंत दोर सोडायचे नाहीत.

आयसलमेरविषयी थोडक्यात. १९३२ साली ३२ किलोमीटरचा आफ्स्लाउटडाइक पुरा झाला आणि समुद्राचं तळं झालं. खोली सरासरी साडेचार मीटर, त्यामुळे पाच बोफोर्टला लाट उंच नसते पण आखूड आणि उभी असते. बोट दर तिसऱ्या लाटेला थांबते. पहिला रीफ, म्हणजे शीड आखडणं, समुद्रापेक्षा आधी. स्टाव्होरनच्या दक्षिणेचा फ्राउवेझांड हा उथळ पट्टा बोयांच्या बाहेरूनच. मासेमारीच्या जाळ्यांच्या काठ्या रात्री दिसत नाहीत, म्हणून इथे रात्रीचा प्रवास नाही. मार्करमेरमध्ये पाणवनस्पती जुलै-ऑगस्टला माजतात. जूनच्या शेवटी बोयांच्या वाटेत राहिलं की पुरे.

एन्कहाउझनचं लॉक, २००३ चं, बघण्यासारखं: बोटी वरून, मोटारी खालच्या बोगद्यातून. एन्कहाउझन आणि होर्न ही डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा शाखांपैकी दोन शहरं. वेंगुर्ल्याची डच वखार १६३७ ची. पडक्या भिंती तिथे आहेत, हिशेबाच्या गोदामांची शहरं इथे.

७ जून, शनिवार

संडासाची टाकी ४५ लिटर. विहारी बोटींना मैला पाण्यात सोडायला २००९ पासून बंदी. हातपंपाच्या एका वापराला दोन लिटर, म्हणजे २२ वापर, चार माणसांत जेमतेम दीड-दोन दिवस. बंदरात असताना बंदराचा संडास, हा नियम. बाहेर सोडणारी झडप बंद करून तारेने बांधली.

गॅस: ९०७ क्रमांकाच्या निळ्या टाक्या ३, प्रत्येकी पावणेतीन किलो. प्रेशर कुकर ३ लिटरचा. झाकण बंद असतं म्हणून लाट आली तरी सांडत नाही, आणि वरण-भात एकाच आचेवर होतो. कढई आणली आहे, पण तेल तापवणं फक्त बांधलेल्या बोटीत.

लाइफ जॅकेट ४: सिलिंडर घट्ट आहेत का हाताने फिरवून बघितले, एक सैल निघाला. दरवर्षी निघतो. डच बचावसंस्था केएनआरएमच्या मोफत ॲपमध्ये प्रवास नोंदवायचा. ही संस्था १८२४ ची, देणग्यांवर आणि मुख्यतः स्वयंसेवकांवर चालणारी.

१२ जून, गुरुवार

निघण्याच्या अटी लिहून काढल्या, कारण धक्क्यावर उभं राहून केलेली चर्चा नेहमी 'जाऊ या' वर संपते.

किनाऱ्याचा टप्पा: नैर्ऋत्य किंवा पश्चिम वारा पाच बोफोर्टपर्यंत जायचं, वायव्य चारपर्यंतच, उत्तर किंवा ईशान्य तीनच्या वर नाही. वादळी पावसाचा इशारा असेल तर वारा कितीही असो, नाही. दृश्यता दोन मैलांच्या खाली असेल तर मासचं मुख नाही.

राखीव दिवस पाच: तीन किनाऱ्यासाठी, दोन कालव्यांसाठी. किनाऱ्याचे तीनही १९ जूनपर्यंत संपले आणि आपण अजून स्खेव्हनिंगनच्या दक्षिणेला असलो, तर टेसेल सोडायचं आणि हॉलंड्स डीपकडून आत वळून कालव्यांनीच आयसलमेर गाठायचं. उभ्या डोलकाठीची वाट दोन्ही दिशांनी चालते.

उरलेली कामं: १८११ वर बोयांच्या दुरुस्त्या चढवणे. आल्खेरा आणि डॉर्ड्रेख्टच्या वेळा जलमार्गांच्या सूचनांतून पुन्हा तपासणे, शनिवारी सकाळी आणि १ जुलैला. काळा शंकू सापडत नाही. बहुधा पुढच्या कप्प्यात साखळीखाली.